अंगणात ‘फ्लॉप शो’ची रात्र भरवायची असेल तर

जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ हा हिंदी विनोदी कार्यक्रम मोबाइलवर एकट्यानं पाहिला तरी हसू येतं, पण त्याची खरी मजा चारचौघांत आहे. 1989 साली तो दूरदर्शनवर लागायचा तेव्हा आमच्याकडे, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, वार्डात एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि बाकीचा वार्ड त्यांच्या ओसरीत. पडद्यावरचा माणूस एक बोलायचा, मागून कोणीतरी दुसरं बोलायचं, आणि दोन्हीवर मिळून हशा व्हायचा. तो मागचा आवाज मोबाइलमध्ये कुठून येणार? म्हणून माझं सांगणं आहे की हे भाग पुन्हा पाहायचे तर लोक जमवून पाहा. माझं बिछायत केंद्र आहे. लग्नाचा मंडप, तेरवीच्या सतरंज्या, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकाला खुर्च्या, माइक, इन्व्हर्टर हे सगळं देतो, आणि स्वतःच्या अंगणात हे भाग दाखवतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

मालिका एकूण दहाच भागांची. हे आधीच सांगून ठेवा, कारण जमलेल्यांपैकी निम्मे लोक शपथेवर सांगतात की ती वर्षभर चालली होती. दहा भागांनी एवढी जागा धरून ठेवली यातच सगळं आलं. भट्टी मूळचे अमृतसरचे, शिकले चंडीगढच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजात, विजेचे इंजिनीअर. तिथंच त्यांनी ‘नॉनसेन्स क्लब’ काढला, पुढं ‘द ट्रिब्यून’ या पेपरात व्यंगचित्रं काढली, दूरदर्शनवर ‘उल्टा पुल्टा’चे छोटे तुकडे केले आणि मग हा शो. निर्मिती पत्नी सविता भट्टींची, आणि पडद्यावर त्यांची बायको म्हणूनही त्याच. पैसा थोडा, नट मोजके, घरं आणि ऑफिसं साधी. विवेक शौक हा एकच नट दर भागात नव्या सोंगात. थाटमाट नव्हता म्हणूनच तो आम्हाला आमचा वाटला. तहसीलमध्ये पाहिलेलं टेबल जसंच्या तसं टीव्हीत दिसायचं.

दिवस कोणता धरावा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडया सुरू होतात. रोज कुठं ना कुठं दंडार हा लोकनाट्याचा खेळ, रात्री नाटक. त्या दिवसांत कार्यक्रम ठेवू नका, एक माणूस येणार नाही, आणि येऊही नये. नाटक आधी. कोजागिरी उत्तम. लोक तसेही जागे असतात, दूध आटत असतं, पोरं झोपायला तयार नसतात.

कोजागिरीला एकच त्रास, तुडतुड्यांचा. धान उभा असतो आणि अंधारात उजेड दिसला की सगळ्या बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले, हे किडे त्याच्यावर येऊन आदळतात. पडदा पांढरा पडला की त्याच्यावर तुडतुडे चालतात आणि भट्टींच्या दाढीत शिरल्यासारखे दिसतात. उपाय सोपा आहे. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पडद्यापासून तीस-चाळीस फूट लांब, एक मोठा बल्ब उंचावर टांगा आणि कार्यक्रमाच्या तासभर आधीच पेटवा. खाली पसरट भांड्यात पाणी ठेवा. बरेचसे किडे तिकडेच जातात. दुधाची गंजी मात्र त्या बल्बापासून लांब ठेवा आणि झाकूनच ठेवा.

पडदा आणि चित्र

प्रोजेक्टर आणा असा आग्रह तरुण पोरं धरतील. धरू द्या, पण ऐकू नका. हे चित्रण जुन्या टीव्हीसाठी झालेलं आहे, आणि त्या काळी आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र 625 ओळींचं होतं. त्यात जेवढा बारकावा आहे तेवढाच आहे. दहा फुटांच्या कपड्यावर ताणलं की चेहऱ्यांचा चिखल होतो. पन्नासेक माणसांना टेबलावर उंच ठेवलेला 43 इंची टीव्ही पुरतो. म्हातारी माणसं पुढं, खुर्च्या मागं, पोरं सतरंजीवर. प्रोजेक्टर लावायचाच असेल तर चित्र सहा फूट रुंदीच्या वर नेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्राचा आकार. जुनं चित्र चौकोनी असतं, चारास तीन. आजचा टीव्ही लांबट. काही टीव्ही आपणहून ते चित्र दोन्ही बाजूंनी ओढून पडदा भरतात. मग भट्टींचा उभा चेहरा भोपळ्यासारखा पसरतो, सविताबाई बुटक्या दिसतात, आणि ज्यांनी त्यांना तेव्हा पाहिलं आहे त्यांना काहीतरी चुकतंय हे जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. रिमोटवर चित्राच्या आकाराची सेटिंग शोधा आणि 4:3 करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या बरोबर आहेत. “टीव्ही अर्धाच चालते का जी?” असं कोणी विचारेल, त्याला सांगा की तेव्हा एवढंच होतं.

भाग यूट्यूबवर आहेत. गावात रात्री नेट सगळे एकदम वापरतात, तेव्हा 1080 च्या नादी लागू नका, 480 वर ठेवा. चित्रात मुळात तेवढंच आहे, उगाच गोल गोल फिरत बसण्यात अर्थ नाही. हॉटस्पॉटचा मोबाइल पिशवीत घालून स्लॅबवर किंवा माडीच्या खिडकीत ठेवा, रेंज तिथं जास्त मिळते. सगळे भाग संध्याकाळी एकदा चालवून पाहा. घरच्या आणि शेजारच्या लोकांपुरतं, फुकट, इतकंच ठेवा. गावभर बोर्ड लावून किंवा तिकीट लावून दाखवायचं असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी काढा. ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांचं काम त्यांना विचारूनच वापरावं.

आवाज

इथं मी जरा जास्त बोलणार, कारण कार्यक्रम इथंच बसतो किंवा पडतो. ‘फ्लॉप शो’ म्हणजे सगळं बोलणं. भट्टी हळू बोलतात, चेहरा न हलवता बोलतात, आणि खरा टोला वाक्याच्या शेपटीला असतो. ती शेपटी मागच्या रांगेला ऐकू गेली नाही तर पुढचे हसतील आणि मागचे विचारत बसतील, “काय म्हणला? काय म्हणला?”

टीव्हीच्या अंगच्या स्पीकरनं अंगण भरत नाही. एक स्पीकर घ्या, एकच, आणि तो टीव्हीच्या शेजारी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडा वर ठेवा. मागं दुसरा लावलात तर बोलणं दोनदा ऐकू येतं. डीजेचे बास चालत नाहीत. मिक्सरवर बास खाली ओढा, मधला आवाज थोडा वर घ्या, भट्टींचा आवाज मोकळा होतो. जुना भोंगा असेल तर तोही चालतो, बोलणं त्यात स्वच्छ येतं, फक्त शेवटच्या गाण्याला तो किरकिरतो.

लॅपटॉपवरून आवाज घेत असाल तर एक ‘घूंऽऽ’ येण्याची शक्यता असते. लोक वायर हलवतात, पिन बदलतात. त्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. बहुतेक वेळा घूं जागच्या जागी थांबतो, कारण तो चार्जर आणि साउंडच्या अर्थिंगमधून आलेला असतो. लॅपटॉप आधी भरून ठेवा आणि बॅटरीवर चालवा.

वीज जाणार हे धरूनच चाला. 43 इंची टीव्ही साधारण शंभर वॉटच्या आतबाहेर खातो, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणखी थोडं. घरातल्या 150 एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर संध्याकाळ आरामात निघते, फक्त त्यावर फ्रीज आणि पंखे ठेवू नका. भट्टींचा शेवटचा सिनेमा ‘पॉवर कट’ वीज जाण्यावरच होता. 25 ऑक्टोबर 2012 ला, त्याच्या प्रचाराच्या दौऱ्यात, जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ गाडीच्या अपघातात ते गेले. पुढच्या वर्षी सरकारनं मरणोत्तर पद्मभूषण दिलं. विवेक शौक भट्टींच्या आदल्या वर्षी, जानेवारी 2011 मध्ये गेला होता. आमच्याकडे वीज जाऊन इन्व्हर्टर चढेपर्यंतच्या अंधारात हे मी लोकांना सांगतो. ऐकून घेतात, शांतपणे.

कोणते भाग, कोणत्या क्रमानं

एका रात्री तीन, फार तर चार. सगळे दहा दाखवायचा मोह होतो, पण पाचव्याला म्हातारी पेंगतात आणि रात्रीच्या पाळीत मोटर लावायला जाणारे उठून जातात.

सुरुवात मीटिंगच्या भागानं करा. ग्रामपंचायतीची मासिक सभा ज्यानं पाहिली आहे त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. दुसरा टेलिफोनचा. हा पोरांना अवघड जातो, फोन बंद पडला की माणूस इतका लाचार का होतो हे त्यांना कळत नाही. त्यासाठी भाग सुरू करायच्या आधी एक जुना डबडा फोन, गोल चकतीचा, पोरांच्या हातात द्या. भंगारवाल्याकडे मिळतो. नऊ आकडा फिरवून चकती परत येईपर्यंत थांबायला लावा. मग मोठ्यांपैकी एकानं सांगावं की नंबर मिळायला किती वर्षं लागायची आणि ट्रंक कॉल लावून पोस्टात किती वेळ बसावं लागायचं. एवढं पाच मिनिटांत उरकलं की पोरं मोठ्यांच्या बरोबरीनं हसतात.

तिसरा पीएच.डी.चा, ज्यात गाइडच्या घरची कामं विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतात. ब्रह्मपुरीला किंवा नागपूरला शिकणारी पोरं सुट्टीत आलेली असली तर हा नक्की लावा. ती हसतात ते बघण्यासारखं असतं. ठेकेदाराचा भाग शेवटी. आमच्या वार्डात त्यानंतर पंधरा मिनिटं तरी शेताकडच्या पांदण रस्त्याविषयी चर्चा होते, आणि व्हावी.

लहान पोरांना एक काम द्या: विवेक शौक कुठल्या सोंगात आहे ते आधी ओळखायचं. जो ओळखेल त्याला मूठभर फुटाणे. पोरं पडद्यावरून नजर हलवत नाहीत.

स्वतःचं गाणं

प्रत्येक भाग संपताना सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर एक विडंबन असायचं. ते झालं की टीव्ही बंद करा आणि आपलं एक करा. चाल अशी घ्या जी आजीलाही येते. चार ओळी पुरे. पहिली ओळ मूळ गाण्याच्या अगदी जवळ ठेवा म्हणजे लोकांना चाल लगेच सापडते, आणि शेवटचा शब्द फिरवा. विषय गावातला: धान खरेदी केंद्रावरची रांग, बारदाना संपला, सातबाऱ्यासाठी सर्व्हर डाऊन. कोणा माणसाचं नाव घेऊ नका. भट्टींनी ठेकेदाराला झोडलं, पण अमुक एका ठेकेदाराला नाही, म्हणून ते सगळ्यांना लागलं आणि कोणाशी वैर झालं नाही. सरपंच समोर बसून हसले पाहिजेत, अशी चाचणी मी लावतो.

आठवणी

शेवटी, लोक उठायच्या आत, दोघा-चौघांना बोलतं करा. “मालिका कशी होती?” असं विचारू नका, “मस्त होती” यापुढं काही येत नाही. विचारा की टीव्ही कोणाच्या घरचा होता, तुम्ही कुठं बसायचे, अँटेना कोण फिरवायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मोठ्याईनं सांगितलं की ती कार्यक्रमभर बाहेर बांबू धरून उभी असायची. हात सोडला की पडद्यावर मुंग्या यायच्या. आतले हसले की ती खिडकीतून ओरडायची, “काय झालं वो?”, आणि आतून तिची जाऊ सांगायची. तिनं तो शो पाहिलाच नव्हता, सगळा ऐकला होता. त्या रात्री तिला पहिल्या खुर्चीत बसवलं.

हे बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. मोबाइल बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर, पंखा बंद, साउंडचा मिक्सर बंद. सुरुवातीला तारीख आणि गाव आपल्या तोंडानं बोला. फाइल नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका, मोबाइल बदलला की जाते. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक त्या घरच्या माणसांना द्या. सतरंज्या झटकून रात्रीच गुंडाळा, कोजागिरीचं दव पडतं आणि ओली गुंडाळलेली सतरंजी आठवड्यात कुबट होते.