‘पार्टीचं पेमेंट आलं की देतो’: कमिशनवर काम करणाऱ्या नव्या मुलांसाठी

मी कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, माल विकतो. बेंटोनाइट, कोटिंग, स्लीव्ह, फिल्टर, कास्टिंग ओतायला लागतं ते सगळं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी हा माझा एरिया. 2018 पासून चार वर्षं पुण्याच्या एका कंपनीचं काम केलं, मालाच्या करांआधीच्या बेसिक किमतीवर 3 टक्के कमिशन. मार्च 2022 मध्ये सोडलं तेव्हा शेवटच्या सहा महिन्यांचे 4 लाख 86 हजार अडकले होते. ते कसे निघाले ते सांगतो, कारण आमच्या लाइनमधला कुणीतरी नवा पोरगा दर महिन्याला चहाच्या गाड्यावर हेच रडगाणं घेऊन येतो.

आमचा करार दीड पानाचा. कमिशनबद्दल त्यात एकच वाक्य: ‘3 टक्के, पेमेंट आल्यावर.’ सही करताना टक्क्यांवरच अर्धा तास घासाघीस केली आणि या दोन शब्दांकडे बघितलंसुद्धा नाही. फाउंड्रीवाला 90 दिवसांनी पैसे सोडतो. ते कंपनीच्या खात्यात आले की नाही हे मला कुठं दिसणार? मी सोडल्यावर मीच जोडलेल्या पार्टीने तोच माल पुन्हा मागवला तर कमिशन कुणाचं? माल परत आला तर आधी दिलेलं कापणार का? यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. भारतीय करार कायद्याचं कलम 219 सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर एजंटाचा मोबदला काम पूर्ण झाल्यावर देय होतो. पण काम पूर्ण कधी झालं? ऑर्डर मिळाली तेव्हा, माल निघाला तेव्हा की वसुली झाली तेव्हा? सगळं भांडण तिथंच असतं. माझं स्पष्ट मत आहे, अर्धा टक्का कमी घ्या पण हे लिहून घ्या. आणि दर महिन्याला पार्टीवार वसुलीचं स्टेटमेंट ईमेलवर येईल, ही ओळही.

वर्षभर मी नुसते फोन केले. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘मार्च एंडिंग होऊ दे’. शेवटी वकिलाची नोटीस गेली. उत्तर आलं की पार्ट्या आमच्याच होत्या, यांनी फक्त ओळख करून दिली, काही देणं लागत नाही. वर स्लीव्हच्या तक्रारीची एक डेबिट नोट (माझ्या नावावर पैसे कापल्याचा कागद), जी मी जन्मात पाहिली नव्हती.

आता गंमत ऐका. नोटिशीच्या आदल्या जुलैमध्ये रिटर्न भरायला सीएकडे बसलो होतो. तिथल्या असिस्टंटने 26एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचं (टीडीएसचं) आयकर खात्याचं स्टेटमेंट, उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘दादा, हे 10,500 कुठले? तुम्ही हे उत्पन्न सांगितलंच नाही.’ समोर कंपनीचं नाव, कलम 194एच, रक्कम 2,10,000, कापलेला टीडीएस 10,500. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीचं माझं कमिशन! टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा धरताना, जे आधी होईल तेव्हा कापावा लागतो. म्हणजे यांनी स्वतःच्या वह्यांमध्ये माझं देणं मांडलं होतं, कर सरकारला भरला होता, फक्त मला द्यायचं राहिलं होतं. तेव्हा मी नुसता चिडलो होतो. वकिलांनी तोच कागद फाइलच्या सगळ्यात वर लावला. तुमचं 26एएस दर तिमाहीला बघत जा. तिथं 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 192 दिसलं तर कंपनी तुम्हाला पगारी माणूस धरते, 194एच म्हणजे कमिशनवाला. पगार आणि इन्सेंटिव्हवाल्यांचा रस्ता कामगार कार्यालयाकडे जातो, माझा दिवाणी कोर्टाकडे.

माझी चूकही सांगतो. मधे मोबाइल बदलला आणि सहा महिन्यांचं व्हॉट्सअ‍ॅप गेलं. ‘ऑर्डर फायनल, कमिशन लावून घ्या’ असे मेसेज त्यात होते. वाचले ते ईमेल. दुसरी चूक म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केली नाही. ती आधीपासून असती तर एमएसएमई (लघुउद्योग) कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे कदाचित जाता आलं असतं, तिथं उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. मागाहून केलेली नोंदणी आधीच्या कामाला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं होतं. नोंदणी फुकट आहे, मी फक्त आळस केला.

मुदतीचं भान ठेवा. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षं. तोंडी ‘बघू’ने ती वाढत नाही. समोरच्याने मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली तर पुन्हा मोजणी सुरू होते.

करारात खाली बारीक अक्षरात ‘सब्जेक्ट टू पुणे ज्युरिसडिक्शन’ होतं, त्यामुळे कोल्हापुरात दावा लावायची सोय नाही. रक्कम 3 लाखांच्या वर, म्हणून वाद व्यावसायिक धरला गेला आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर अशा दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. 1,000 रुपये भरून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. समोरचा आलाच नाही तर तसा रिपोर्ट मिळतो आणि मग दावा लावता येतो. पहिल्या तारखेला पहाटेच्या एसटीने स्वारगेट, तिथून शिवाजीनगर, आणि कंपनीचं कुणीच नाही. दुसऱ्या तारखेला त्यांचा अकाउंटंट आला. चार वर्षं माझी बिलं पास करणारा तोच माणूस, माझ्याकडे बघेना. मध्यस्थ बाईंनी 26एएस त्याच्यापुढे सरकवलं. ‘देणं नव्हतं तर टीडीएस कशाचा कापलात?’ तो म्हणाला, साहेबांशी बोलून सांगतो.

तिसऱ्या बैठकीत 3 लाख 80 हजारांवर मिटलं, दोन हप्त्यांत. लाखभर सोडले. वकील म्हणाले दावा लावू, पूर्ण मिळतील. मी हिशोब केला की प्रत्येक तारखेला माझा एक दिवस आणि एक फाउंड्री बुडणार. तडजोडीवर दोघांच्या सह्या झाल्या. तिला लवादाच्या निवाड्याइतकं वजन असतं, त्यामुळे हप्ता चुकला तर नव्याने दावा लावायची गरज नव्हती.

2024 च्या मे महिन्यात दुसरा हप्ता जमा झाला. 5 टक्के टीडीएस कापूनच.