ऑनलाइन कथास्पर्धेला कथा पाठवताना

मी नियमावलीत सगळ्यात आधी हक्कांचं कलम शोधते. ‘कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असं दिसलं की कथा पाठवत नाही, बक्षीस कितीही मोठं असो. एकदा छापण्यापुरती परवानगी मागणं रास्त. कायमची मालकी नाही.

मग ‘अप्रकाशित’ची अट. फेसबुकवर टाकलेली कथाही बऱ्याच ठिकाणी प्रकाशितच धरतात. तेव्हा निकाल लागेपर्यंत ती कुठेही टाकू नका.

टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर वाचता येणाऱ्या मराठीत. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली वर्डची फाइल, समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर अगम्य चिन्हांनी भरून उघडते. स्वतःचं नाव फक्त अर्जात. कथेच्या पानावर किंवा फाइलच्या नावात नको. शब्दमर्यादा ओलांडली असेल तर मी पहिला परिच्छेद उडवून बघते. पुष्कळदा कथा खरी दुसऱ्यातच सुरू झालेली असते!

आणि कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझ ही राष्ट्रकुल देशांतल्या लेखकांसाठीची कथास्पर्धा जरूर बघा. प्रवेशशुल्क नाही, मर्यादा २००० ते ५००० शब्द, आणि मराठी कथेचा इंग्रजी अनुवादही चालतो. मात्र अनुवादकाचं श्रेय आणि मोबदला आधीच लेखी ठरवा.