ऑब्जेक्टलाच विचारा: पायथनमध्ये व्हेरिएबल, मेथड आणि क्लास कसे तपासावेत

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत व्हेरिएबलला, म्हणजे आपण दिलेल्या नावाला, स्वतःचा प्रकार नसतो, प्रकार असतो ऑब्जेक्टला, म्हणजे त्या नावामागच्या वस्तूला. एका ओळीत 'रक्कम' हे नाव आकड्याला लावलेलं असतं, चार ओळींनंतर तेच नाव मजकुराला लावता येतं आणि कोणी हटकत नाही. त्यामुळे नुसता कोड वाचून 'इथे आकडाच असणार' असं ठरवलं की रात्र वाया जाते. प्रोग्राम चालू असताना त्या ऑब्जेक्टलाच विचारावं. त्यासाठी लागणारी जवळपास सगळी हत्यारं पायथनसोबतच येतात.

(खाली फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत.)

आधी जात विचारा

टाइप(रक्कम) लिहिलं की उत्तर येतं: इंट (पूर्णांक), एसटीआर (मजकूर), लिस्ट (यादी) किंवा तुमचा स्वतःचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा. निम्मे घोटाळे इथेच उघडे पडतात. ५ ला ३ ने गुणून १५ ऐवजी ५५५ आलं, तर तो ५ आकडा नसून मजकूर आहे, हे टाइप एका ओळीत सांगतं.

'हा अमुक प्रकारात बसतो का' एवढंच हवं असेल तर इझइन्स्टन्स वापरा, कारण ते वारसाही धरतं, म्हणजे एका क्लासपासून काढलेला दुसरा क्लासही. त्यातली एक गंमत लक्षात ठेवा: ट्रू हा इझइन्स्टन्सच्या लेखी इंटसुद्धा आहे. बूल हा क्लास इंटपासूनच काढलेला आहे.

प्रिंटवर विश्वास ठेवू नका

दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. प्रिंट हे माणसाला वाचायला सोपं असं रूप दाखवतं. खरं रूप दाखवतं ते रेप्र हे फंक्शन.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. दोन याद्या जुळवायच्या होत्या आणि 'दुसऱ्या' हा शब्द दोन्हींत असूनही जुळत नव्हता. प्रिंट केलं, तर अक्षर न् अक्षर सारखं. दोन्ही बाजूंना लेन (लांबी मोजणारं फंक्शन) लावलं, तर एकीकडे ७ आणि दुसरीकडे ८! मग रेप्र लावलं आणि दुसऱ्या यादीतल्या शब्दाच्या पोटात बॅकस्लॅश-यू-२००डी निघालं. हा झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा वर्ण. आपला आडवा रफार दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साधा 'र', हलंत आणि हा अदृश्य वर्ण घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, पायथनच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने हे एकदा हातानं करून पाहावंच.

शेवटी चिकटलेली नवी ओळ, मागे राहिलेली स्पेस हेही रेप्रमध्येच दिसतं. पायथन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगच्या (मजकुरात किंमती भरायची सोय) महिरपी कंसात नावापुढे बरोबरचं चिन्ह दिलं, की नाव आणि त्याचं रेप्र दोन्ही एकदम छापून येतात. मी प्रिंट लावतो ते आता असंच.

पोटात काय आहे ते पाहा

ऑब्जेक्टमध्ये साठवलेल्या गोष्टी पाहायला व्हार्स. ते त्या ऑब्जेक्टची डिक्शनरी, म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्या, तुमच्यापुढे ठेवतं. समजा 'खाते' नावाचा क्लास आहे. 'शिल्लक' ही इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन) सेल्फवर, म्हणजे त्या ऑब्जेक्टवरच, लिहिली आहे आणि 'नोंदी' ही रिकामी लिस्ट थेट क्लासच्या अंगात, मेथडच्या बाहेर. आता 'पहिलं' आणि 'दुसरं' अशी दोन खाती बनवा, पहिल्याच्या नोंदींत अपेंडने एक नोंद घाला आणि दुसऱ्याच्या नोंदी पाहा. तिथेही तीच नोंद!

व्हार्स(पहिलं) केलं की कारण समोर येतं: त्यात फक्त शिल्लक आहे, नोंदी नाहीच. व्हार्स(खाते) केलं, म्हणजे क्लासलाच विचारलं, की नोंदी तिथे सापडते. लिस्ट एकच, ती क्लासच्या मालकीची, आणि दोन्ही खाती तिच्यातच लिहितात. ती इनिटमध्ये सेल्फवर हलवा, प्रश्न मिटला. ऑब्जेक्टकडे काय आणि क्लासकडे काय, हा फरक पुस्तकात वाचून जितका कळतो त्याहून या दोन ओळींनी जास्त कळतो.

साधा आकडा किंवा मजकूर व्हार्सला दिला तर टाइपएरर येते, कारण त्यांच्याजवळ अशी डिक्शनरी नसते. स्लॉट्स वापरून ठरावीक नावांपुरतीच जागा ठेवलेल्या क्लासच्या ऑब्जेक्टचंही बहुधा तसंच होतं.

काय काय करता येतं?

डिर(वस्तू) केलं की मेथड आणि ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टला जोडलेली नावं) यांची यादी येते, क्लासकडून वारशाने आलेल्यांसह. साध्या मजकुरावर लावलं तरी सत्तरहून अधिक नावं अंगावर येतात, त्यातली बरीच दोन-दोन अंडरस्कोरवाली. अंडरस्कोरने सुरू होणारी गाळून टाका, कामाचं तेवढं उरतं.

नाव मिळालं की ती मेथड हाक मारायची कशी, हे इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं सिग्नेचर सांगतं. सॉर्टेडवर लावून पाहा. उत्तरात तिरकी रेघ आणि तारा दिसेल. रेघेच्या आधीचं फक्त जागेनुसार द्यायचं, ताऱ्यानंतरचं फक्त नाव घेऊन. म्हणूनच सॉर्टेडला 'की' नाव न लिहिता दिली तर ते कुरकुरतं. सविस्तर वाचायचं असेल तर हेल्प आहेच.

कोड नेमका कुठला?

इन्स्पेक्टमधलं गेटसोर्स मेथडचा मूळ कोड दाखवतं. सी भाषेत लिहिलेल्या अंगभूत मेथडवर मात्र ते टाइपएरर देतं, कारण दाखवायला पायथनचा कोडच नसतो. याहून मला जास्त उपयोगी पडलंय ते मॉड्यूलचं फाइल हे ॲट्रिब्यूट, दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर लावून. नवखा माणूस सरावासाठी स्वतःच्या फाइलला 'रँडम' नाव देतो आणि मग पायथनचं खरं रँडम सोडून तीच इम्पोर्ट होते. फाइल छापून पाहिली की पत्ता कळतो.

पाहताना धक्का लावू नका

नुसतं पाहण्यानेही काही गोष्टी बदलतात. जनरेटरमध्ये (एकेक किंमत मागितल्यावरच देणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) काय आहे म्हणून त्याची लिस्ट केलीत, तर तो रिकामा झाला आणि पुढच्या लूपला काहीच उरलं नाही. प्रॉपर्टीचंही तसंच. बाहेरून साधं ॲट्रिब्यूट वाटतं, पण आत मेथड चालते. इन्स्पेक्टमधलं गेटमेंबर्स प्रत्येक ॲट्रिब्यूटची किंमत मागतं, म्हणजे ऑब्जेक्टवर लावलं तर प्रत्येक प्रॉपर्टी चालते. त्यातली एखादी डेटाबेसकडे धावत असेल तर तीही धावणार. अशा ठिकाणी गेटॲटर-स्टॅटिक वापरा. ३.२ पासून ते आहे आणि प्रॉपर्टी न चालवता तिच्याकडे नुसतं बोट दाखवतं.

मधेच थांबून पाहायचं असेल तर

संशयाच्या ओळीवर ब्रेकपॉइंट() लिहा (३.७ पासून). प्रोग्राम तिथे थांबतो आणि वर सांगितलेलं सगळं तिथेच करून पाहता येतं. 'पीपी' आणि नाव लिहिलं की किंमत नीट मांडून दिसते, 'डब्ल्यू' ने आपण कुठून कुठून इथवर आलो ते कळतं, 'सी' ने प्रोग्राम पुढे जातो. काम झालं की ती ओळ काढा. मी ती विसरून कोड पुढे पाठवलाय, एकदा नव्हे.

डिरमध्ये नाही, तरी चालतं

कधी असं होतं: डिरच्या यादीत नाव नाही, हॅजॲटर (ॲट्रिब्यूट आहे का ते सांगणारं फंक्शन) मात्र 'आहे' म्हणतं आणि मेथड चालतेही. अशा वेळी त्या क्लासमध्ये, किंवा तो ज्यांच्यापासून काढला त्यांच्यात, दोन-दोन अंडरस्कोरवालं गेटॲटर शोधा. नाव सापडलं नाही की पायथन शेवटी त्याला विचारतं आणि ते जागच्या जागी उत्तर तयार करून देतं. कोणाकोणात शोधायचं ते टाइप(वस्तू).एमआरओ() क्रमाने सांगतं. रूबी या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत हेच काम मेथड-मिसिंग करतं, आणि तिथेही मेथड्सच्या यादीत ते नाव सापडत नाही.