आळंदी ते पंढरपूर सायकलने : मित्रमंडळींसाठी तयारीची यादी

आळंदीहून पंढरपूरला सायकलने जायचे ठरले की पहिल्याच बैठकीत बोलणे गिअर, टायर आणि हेल्मेट यांच्याकडे वळते. त्याआधी दोन गोष्टी कागदावर उतरवाव्यात : कोणत्या तिथीच्या आसपास निघायचे, आणि गटातला सर्वांत सावकाश चालवणारा मित्र एका दिवसात किती अंतर न कुरकुरता कापू शकतो. पुढची सगळी यादी, म्हणजे मुक्काम, जेवण, सामान आणि परतीची सोय, या दोन उत्तरांवरून ठरते.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. या मधल्या दिवसांत पालखीमार्गावर सायकल घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो, वाहतूक ठिकठिकाणी वळवलेली असते, आणि दिंडीच्या मागे घंटी वाजवत राहणे कोणाच्याच हिताचे नसते. प्रस्थानापूर्वीचे दोन आठवडे, किंवा पौर्णिमेचा गोपाळकाला होऊन परतीची गर्दी ओसरल्यानंतरचे दिवस निवडावेत. तारीख पंचांग पाहूनच पक्की करावी, कारण त्याआधी अधिक मास आला असेल तर आषाढी एकादशी जुलैच्या उत्तरार्धात सरकते. पावसाळ्याच्या या दिवसांचा एक फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतो आणि आपला रस्ता आग्नेयेकडे जातो, त्यामुळे बराच वेळ वारा पाठीला किंवा बाजूला राहतो. शिवाय लोणंदनंतर पर्जन्यछायेचा भाग सुरू होत असल्याने पुण्यात कितीही झोडपून काढले तरी पुढे बहुधा ढगाळ आणि कोरडे हवामान मिळते. डिसेंबर-जानेवारीतही हवा उत्तम असते, मात्र तेव्हा उसाच्या वाहतुकीचा विचार करावा लागतो. त्याविषयी पुढे येईलच. एप्रिल-मे महिन्यांत माळशिरस तालुक्यातल्या उन्हात हा प्रवास करण्याचे काहीच कारण नाही.

अंतराचा हिशेब असा. आळंदी ते फलटण साधारण १३० किलोमीटर आणि फलटण ते पंढरपूर साधारण ११० किलोमीटर. सराव असलेली मंडळी हे सगळे अंतर एका दिवसात पार करतात, पण मित्रांच्या मिश्र गटाने दोन दिवस घ्यावेत आणि मुक्काम फलटणला करावा. गटात नवखे अधिक असतील, तर पहिला मुक्काम लोणंदला आणि दुसरा माळशिरस किंवा वेळापूरला करून तीन दिवसांत जावे. त्यात कमीपणा मानू नये. सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटर वेग धरला तर पहिल्या दिवशी प्रत्यक्ष सायकलवर सव्वासात तास जातात, त्यात घाट, चहा, जेवण आणि एखादे पंक्चर मिळून तीन-साडेतीन तास वाढतात. म्हणजे पहाटे साडेचारला आळंदी सोडली तर दुपारी तीन-साडेतीनपर्यंत फलटण येते. निघायची वेळ सहावर नेली तर विश्रांतवाडी, येरवडा आणि हडपसर ऐन वाहतुकीत पार करावे लागेल आणि दिवे घाट उन्हात चढावा लागेल. आदल्या रात्री आळंदीतच मुक्काम केल्यास माउलींच्या समाधीचे दर्शनही निवांत होते आणि पहाटे कोणाची वाट पाहत बसावे लागत नाही.

सरावासाठी दीड-दोन महिने हाताशी ठेवावेत. आठवड्याच्या सुट्टीत ४० किलोमीटरपासून सुरुवात करून ८० पर्यंत यावे आणि शेवटून दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस प्रत्येकी ७०-८० किलोमीटर चालवावे. एका दिवसाचे मोठे अंतर जमते, पण दुसऱ्या सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसणे जमते का, हे या जोड सरावातच कळते. दिवे घाटाचा सराव म्हणून एकदा सासवडपर्यंत जाऊन यावे. घाट चार-पाच किलोमीटरचा आहे, पायथ्याला वडकी आणि मस्तानी तलाव मागे टाकला की चढ सुरू होतो; तो एका लयीत, हलक्या गिअरवर चढायचा असतो. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचे दुखणे आहे, त्यांनी सरावाला लागण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे आणि आपली औषधे कोणत्या खिशात आहेत हे गटातल्या आणखी एकाला सांगून ठेवावे.

सायकलचे सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करून घेऊ नये, किमान आठवडाभर आधी करावे. नवे ब्रेक रबर आणि नवी केबल बसवली की पहिल्या ४०-५० किलोमीटरमध्ये त्या थोड्या सैल पडतात आणि पुन्हा कसाव्या लागतात. ते काम घराजवळच्या दुकानात व्हावे, दिवे घाटात नव्हे. टायर जुने असतील तर बदलावेत. प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर आणि छोटा पंप स्वतःजवळ ठेवावा, कारण गटात वेगवेगळ्या मापांची चाके असतात आणि एकाची ट्यूब दुसऱ्याला चालतेच असे नाही. पंक्चरचे पॅच, चेन जोडण्याची कडी, षटकोनी पान्यांचा संच, चेनचे तेल, चिंध्या आणि केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या या वस्तू सामाईक ठेवून चालतात. त्या सर्वांत मागे राहणाऱ्याकडे द्याव्यात. पुढे गेलेल्याकडे पान्यांची पिशवी असेल तर तिचा मागे अडकलेल्याला काहीही उपयोग होत नाही.

येथे व्हॉल्व्हची एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. महामार्गावर पंक्चरची दुकाने भरपूर आहेत, परंतु त्यांची हवेची नळी मोटारीच्या जाड व्हॉल्व्हला बसणारी असते. रोड सायकलच्या आणि अनेक हायब्रिड सायकलींच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि त्यावर ती नळी बसतच नाही. पितळेचा नखाएवढा ॲडॅप्टर मिळतो. असे दोन-तीन ॲडॅप्टर घेऊन ठेवावेत आणि एक व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवावा, म्हणजे हरवत नाही. पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याची घाई करू नये. आधी टायरच्या आतून चिंधी गुंडाळलेले बोट सावकाश फिरवावे. बाभळीचा काटा सहज सापडतो, पण रस्त्याच्या कडेला फुटून पडलेल्या ट्रकच्या टायरमधली केसासारखी तार टायरमध्ये रुतून बसलेली असते आणि ती दिसत नाही, फक्त चिंधीला अडकते. ती चिमट्याने उपटून काढली नाही, तर नवी ट्यूबही पाच किलोमीटरच्या आत पंक्चर होते. म्हणून सामाईक पिशवीत भुवया कोरण्याचा साधा चिमटा असावा.

रस्त्याचा अभ्यास नकाशावर घरीच करावा. या मार्गाचा मोठा भाग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ मध्ये येतो. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले आणि त्यानंतर रस्ता पुष्कळ बदलला. सायकलस्वाराला रुंद कडा मिळाली हे चांगले झाले. पण नवा रस्ता अनेक गावांना वळसा घालून जातो, आणि सरळ चालवत राहिले तर पालखीची ठाणी न पाहताच पंढरपूर येते. म्हणून कोठे आत वळायचे हे आधीच ठरवावे. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, आणि तीच नदी ओलांडून आपण पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात शिरतो. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे वारीतले पहिले उभे रिंगण होते. धर्मपुरीपासून सोलापूर जिल्हा लागतो, वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचे जुने मंदिर आहे, आणि वाखरीला सगळ्या मुख्य पालख्या एकत्र येतात. ही सगळी ठिकाणे दोन दिवसांत पाहून होणार नाहीत; तीन-चार निवडावीत आणि बाकीच्यांना नुसता नमस्कार करावा. जेजुरीविषयी मात्र नीट विचार करावा. गडाच्या पायऱ्या चढून मल्हारी मार्तंडाचे दर्शन घ्यायचे असेल तर त्यासाठी दीड-दोन तास राखून ठेवावेत, आणि घाट चढून आलेल्या मांड्यांना या पायऱ्या उतरताना अधिक जाणवतात हे गटाला आधीच सांगावे. (भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या हातांनी चेनला हात लावू नये, तेलात मिसळलेली हळद निघता निघत नाही.)

गट दहा-बारा जणांपेक्षा मोठा असेल तर त्याचे दोन भाग करावेत. प्रत्येक भागात पुढे एक वाट जाणणारा आणि मागे एक अनुभवी मित्र असावा; मागच्याच्या मागे कोणीही राहणार नाही आणि पुढच्याच्या पुढे कोणीही जाणार नाही, एवढा एकच नियम काटेकोर पाळला तरी पुष्कळ होते. थांबे किलोमीटरवर न ठरवता ठिकाणावर ठरवावेत, उदाहरणार्थ सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, आणि प्रत्येक थांब्यावर शेवटचा मित्र पोचून त्याचे पाणी पिऊन होईपर्यंत पुढच्यांनी निघू नये. नाहीतर पुढचे विश्रांती घेऊन ताजेतवाने होतात आणि ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्याला ती मिळतच नाही. रस्त्यावर एकामागे एक चालवावे, गप्पा थांब्यावर माराव्यात. पायी चालणारे वारकरी वर्षभर कधीही भेटतात. त्यांना मागून जोरात घंटी न वाजवता वेग कमी करून ‘माउली, जरा बाजूने जातो’ असे म्हणावे.

हेल्मेट, पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट यांत कोणालाही सवलत देऊ नये. अंधार पडल्यावर चालवायचेच नाही असा नियम हिवाळ्यात तर अधिक कडक हवा, कारण तेव्हा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, अनेकांना मागे दिवा नसतो, आणि ट्रॉलीबाहेर डोकावणारी उसाची टोके बाजूने जाणाऱ्याच्या खांद्यापर्यंत येतात. अशा ट्रॅक्टरला लागून जाऊ नये, आणि चढावर वेग मिळावा म्हणून त्याची ट्रॉली धरण्याचा मोह तर मुळीच करू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि अन्य आपत्तीत ११२ हे क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत. खिशातल्या चिठ्ठीवर रक्तगट आणि घरच्यांचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण कुलूपबंद मोबाइल दुसऱ्या कोणाला उघडता येत नाही.

खाण्यापिण्याची फार जमवाजमव करण्याची गरज नाही. चहा, पोहे, केळी आणि ताक वाटेत मिळते. खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू मात्र खिशात असावेत आणि भूक लागण्याची वाट न पाहता तासातासाने थोडे खावे. नुसते पाणी पीत राहू नये. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे साधे मिश्रण किंवा जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. प्रवासात एकादशी येत असेल तर कोण उपवास करणार हे आधी विचारून घ्यावे. साबुदाण्याच्या खिचडीची भरलेली बशी खाऊन लगेच सायकलवर बसणे जड जाते, तेव्हा उपवास करणाऱ्यांसाठी केळी, खजूर आणि मीठ घातलेले ताक यांची सोय पाहावी. दुपारचे जेवण सगळ्यांनीच अर्धपोटी घ्यावे.

कपड्यांत गादी असलेल्या सायकलिंगच्या दोन चड्ड्या घ्याव्यात, कारण पावसाळी हवेत धुतलेली एका रात्रीत वाळत नाही. मांड्या घासू नयेत म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, पातळ रेनकोट, मोबाइल व पैशांसाठी प्लास्टिकची पिशवी, आणि मंदिरासाठी सदरा-पायजम्यासारखा साधा जोड व चपला घ्याव्यात. अंगाला घट्ट बसणाऱ्या चड्डीत गाभाऱ्यापर्यंत जाणे बरे दिसत नाही. सोबत टेम्पो असेल तर प्रत्येकी एकच पिशवी आणि तिच्यावर नाव. टेम्पोने गटाच्या मागे रांगत येऊ नये, त्याने पुढच्या थांब्यावर जाऊन उभे राहावे. चालकाचे जेवण आणि झोपण्याची जागा आपल्या हिशेबात धरावी. सामाईक खर्चासाठी निघण्यापूर्वीच सारखी वर्गणी काढून एकाच्या हाती द्यावी.

फलटणला लॉज आणि पंढरपुरात भक्तनिवास, मठ, धर्मशाळा आहेत. जागा ठरवताना सायकली रात्री आत, कुलपात ठेवता येतील का हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. पंढरपुरात शनिवार, रविवार आणि कोणतीही एकादशी टाळावी. पदस्पर्श दर्शनाची रांग साध्या दिवशीही काही तासांची होऊ शकते, तेव्हा ज्यांना लवकर परतायचे आहे त्यांनी मुखदर्शन घ्यावे आणि बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे, ही विभागणी निघण्याआधीच झालेली बरी. चंद्रभागेच्या वाळवंटात सायकल उतरवायची हौस असते. ओली वाळू चेनमध्ये गेली की परतल्यावर सगळी चेन धुवावी लागते, म्हणून सायकली मुक्कामावर ठेवून चालत जावे.

परतीचा विचार निघण्यापूर्वीच करायचा असतो. सायकलने परतायचे म्हटले तर पावसाळ्यात तोच वारा समोरून येतो, म्हणून बहुतेकांनी वाहनानेच यावे. मध्येच कोणाला प्रवास सोडावा लागला तर जेजुरी, नीरा आणि लोणंद ही स्थानके पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत आणि फलटणही लोणंदला रेल्वेने जोडलेले आहे. गाड्यांच्या वेळा आणि सायकल सामान म्हणून नोंदवण्याची पद्धत आधी विचारून ठेवावी. फलटणच्या पुढे थेट पंढरपूर येईपर्यंत ही सोय नाही, आणि एसटीत सायकल घेतीलच असे धरून चालू नये, म्हणून ज्याची शंका आहे त्याने निर्णय फलटणच्या मुक्कामी घ्यावा. टेम्पोत सायकली भरताना पुढची चाके काढावीत, दोन सायकलींच्या मध्ये जुनी चादर किंवा पुठ्ठा घालावा, चेनची बाजू एकमेकींच्या विरुद्ध ठेवावी, आणि पुण्यात जो सर्वांत आधी उतरणार आहे त्याची सायकल सर्वांत शेवटी चढवावी.