चिकटलेले बँड टी-शर्ट असे सोडवले

आमच्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, आणि माझं लोखंडी कपाट पत्र्याच्या खोलीत. घड्या करून रचलेल्या बँड टी-शर्टांच्या प्रिंट एकमेकींना चिकटल्या. आयर्न मेडन या रॉक बँडचा शुभंकर एडी थेट रोलिंग स्टोन्स बँडच्या लोगोतल्या जिभेवर! (ती जीभ जॉन पाश या डिझायनरने १९७०मध्ये काढलेली.)

अशा जाड, रबरासारख्या प्रिंट बहुधा प्लास्टिसॉल शाईच्या असतात, म्हणजे पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं द्रव्य. उष्णतेने चिकट, थंडीत कडक. म्हणून ओढाताण न करता ती जोडी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली. बाहेर काढल्याबरोबर, गार असतानाच, कडेपासून हळूहळू सोलली. जिभेचा एक कोपरा गेला, बाकी शाबूत.

आता प्रत्येक टी-शर्ट उलटा करून, मध्ये बटर पेपर घालून ठेवतो. धुणं-वाळवणंही उलटंच, सावलीत. प्रिंटवर इस्त्री नाही. डांबरगोळ्या काढून टाकल्या. त्यांतल्या नॅप्थलीनने प्लास्टिक मऊ पडतं. त्याऐवजी आईने कडुलिंबाचा वाळलेला पाला दिला. वास कडवट, पण चालतो. पाण्यात मिसळणाऱ्या शाईच्या, बोटाला न जाणवणाऱ्या प्रिंटसाठी मात्र एवढा खटाटोप नको, त्या कापडातच मुरलेल्या असतात.