पहिला गेमिंग पीसी जुळवताय? या चुका टाळा

ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यात ओळखीपाळखीत कुणाचा नवाकोरा असेंबल केलेला पीसी रुसला की निरोप माझ्याकडे येतो. मुलं बहुतेक कॉलेजातली असतात. बजेट चाळीस-पन्नास हजार, तेही घरच्यांकडे वर्षभर मागे लागून मिळवलेलं. आणि मशीन उघडली की आत तीच ती गडबड. डब्यावरची मोठी अक्षरं वाचून माल घेतलेला असतो, स्टिकरवरची बारीक अक्षरं कुणी पाहिलेलीच नसतात. पैसे कमी असतील तर ही बारीक अक्षरं वाचण्याला पर्याय नाही, कारण चुकीची वस्तू बदलायला दुसरे पैसे नसतात.

एसएमपीएस उरलेल्या पैशांत घेणं

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन मशीनच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा. तो शेवटी घेणं ही माझ्या लेखी सगळ्यांत मोठी चूक. आधी ग्राफिक्स कार्ड ठरतं, मग प्रोसेसर, मग काचेचं, लाइटवालं कॅबिनेट. शेवटी हातात हजार-बाराशे उरतात आणि काउंटरवरून उत्तर येतं, 'हा घ्या, पाचशे वॅट, चालून जाईल.'

कळव्यातल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. प्रोसेसर आय थ्री १२१००एफ, ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबीच्या दोन रॅम. निवड अगदी योग्य. डेस्कटॉपवर सगळं ठीक, यूट्यूब ठीक. गेम सुरू करून मॅचमध्ये शिरला की फटकन स्क्रीन काळी आणि मशीन रीस्टार्ट. दुकानात नेलं, त्यांनी विंडोज परत टाकून दिलं. परत तेच. मग रॅम बदलून दिली. परत तेच. मग सांगितलं, ग्राफिक्स कार्ड कंपनीकडे पाठवावं लागेल, तीन आठवडे लागतील. तेव्हा त्याचे वडील त्याला आणि मशीन घेऊन माझ्याकडे आले.

बाजूची काच काढली आणि आधी वास आला, करपलेल्या प्लॅस्टिकचा. त्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डासाठीची ८ पिनची वायरच नव्हती. दुकानाने साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, एका पॉवर कनेक्टरवरून ८ पिन काढून देणारा कन्व्हर्टर जोडला होता. साटाचा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टवर जास्तीत जास्त साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट द्यायला बनवलेला असतो. ८ पिनच्या टोकाला कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. त्या काळ्या कनेक्टरचा एक कोपरा तपकिरी होऊन मऊ पडला होता आणि पिनेला चिकटला होता. ओढून काढावा लागला.

मग एसएमपीएस बाहेर काढून स्टिकर दाखवला. वर ठसठशीत ५०० वॅट. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बाराला सोळाने गुणा, १९२ वॅट होतात. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात. आरएक्स ६६०० चा आकडा १३२ वॅट, १२१००एफ पूर्ण जोरात ८९ वॅटपर्यंत जातो. दोघांचेच २२१ झाले, पंखे आणि बोर्ड वेगळे. शिवाय कार्ड मधेच क्षणभर याहून जास्त खेचतं.

मुलाने विचारलं, "दादा, म्हणजे विंडोजचा प्रश्नच नव्हता?"

"नव्हता. आणि कार्डाचाही नव्हता."

५५० वॅटचा धड एसएमपीएस बसवला. तेच कार्ड, तेच विंडोज, मशीन सुरळीत चालू. कार्ड वाचलं हे त्याचं नशीब. वॉरंटी असलं काही भरून देत नाही.

माझी सवय अशी, की यादीत पहिली ओळ एसएमपीएसची लिहायची आणि ती रक्कम मग हलवायची नाही. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ३५ च्या आसपास अँपिअर लिहिलेले दिसतात. तिथे १६-१८ दिसले तर डबा परत ठेवा. '८० प्लस'च्या शिक्क्यावर भाळू नका. तो भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती उपयोगी पडते एवढंच सांगतो, आतल्या सुरक्षेबद्दल काही सांगत नाही. या वर्गातल्या कार्डाला चांगला ४५० पुरतो, पण मी ५५० च घ्यायला लावतो, कारण दोन वर्षांनी कार्ड बदलतं, एसएमपीएस तोच राहतो. ग्राफिक्स कार्डाला कन्व्हर्टर लावायची वेळ येत असेल, तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी नाहीच. आणि मित्राच्या मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसची वायर तुमच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. टोक बसतं, पण पिनांची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते. एका झटक्यात एसएसडी आणि बोर्ड जातात.

'आय सेव्हन, १६ जीबी, गेमिंग पीसी, फक्त अठरा हजार'

अशी जाहिरात दिसली की लोक विचारतात, घेऊ का? मी उलट विचारतो, आय सेव्हनच्या पुढचा नंबर काय आहे? बहुतेक वेळा तो २६०० निघतो. हा प्रोसेसर २०११ सालचा. शेवटचे तीन आकडे सोडून पुढे जे उरतं ते पिढी सांगतं, म्हणजे ही दुसरी पिढी. १२१००एफ बाराव्या पिढीतला, २०२२ च्या जानेवारीत आलेला. कागदावर दोघांनाही ४ कोर आणि ८ थ्रेड, पण आय थ्री असूनही तो या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. २६०० मध्ये एव्हीएक्स२ (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा एक नवा संच) नाही, त्यामुळे काही नवे गेम त्यावर सुरूच होत नाहीत. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट या गेमला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी हव्यातच. आमच्याकडच्या निम्म्या मुलांना तोच खेळायचा असतो.

या मशीनमध्ये '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' म्हणून जीटी ७३० घातलेलं असतं. ते २०१४ चं कार्ड, स्क्रीनवर चित्र दाखवण्यापुरतं. मेमरीचे जीबी म्हणजे कार्डाची ताकद नव्हे. जाहिरातीत मात्र तेवढंच लिहितात, कारण तेवढंच लोक वाचतात.

अठरा हजारच असतील तर थांबा. थोडे साठवा, रायझन ५ ५६००जी सारखा आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन सुरुवात करा आणि कार्ड नंतर लावा. 'पण दादा, मला या सुट्टीतच हवाय' हे वाक्य ऐकलं की मला पुढचं सगळं दिसायला लागतं. घाईत घेतलेला जुना डबा दिवाळीपर्यंत अर्ध्या किमतीलाही जात नाही.

५६००जी घेतलात तर रॅम दोन स्टिकमध्येच घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमचीच मेमरी वापरतं, एकाच स्टिकवर त्याचा दम निघतो. रॅम महाग झाली म्हणून एक आत्ता, एक नंतर असं करू नका, ती नंतर येत नाही. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत बसते.

अर्थिंग नसलेल्या घरात मशीन लावणं

किसननगरच्या चाळीत, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, घणसोलीच्या गावठाणात हे हमखास भेटतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. दुकानात विचारलं तर सांगतात, पायात चप्पल घालून बसा. हे ऐकून माझा संताप होतो. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतात आणि अर्थिंगची तार तो जमिनीत नेते. तार नसेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो. पण तीच तार, आत काही खरोखर बिघडलं तर तुमचा जीव वाचवणार असते.

इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि बोर्डवर मीटर लावून मोजायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. तीन पिनच्या वायरला दोन पिनचा अडॅप्टर लावणं किंवा तिसरी पिन तोडणं हे कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. पन्नास हजारांच्या मशीनमध्ये अर्थिंगचा खर्च धरलाच पाहिजे. भाड्याचं घर असेल तरी मालकाशी बोला.

बाकीच्या, थोडक्यात

इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नसतं. कार्ड येईपर्यंत त्याच्यावर भागवता येणार नाही.

मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावून 'कार्ड चालत नाही' म्हणणारे आजही भेटतात. ती कार्डाला लावा.

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेतला आणि विंडोजमध्ये तो ६० वरच राहिला, असंही होतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला.

आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बोर्डाशी फक्त ४ लेनवर, म्हणजे डेटाच्या चार वाटांवर, बोलतं. ए५२० किंवा बी४५० अशा हळू लेनच्या बोर्डवर लावलंत तर आणखी मार खातं.

६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. तो वीज गेल्यावर मशीन नीट बंद करण्यापुरता, मॅच पूर्ण करण्यासाठी नाही.

समोर बंद काच असलेलं कॅबिनेट घेऊ नका, जाळीवालं घ्या. घोडबंदर रोडला मेट्रो ४ च्या कामाची धूळ घराघरांत शिरलेली आम्ही पाहिली आहे, तेव्हा धुळीचा फिल्टर काढून धुता येतो ना, ते दुकानातच बघा.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरखालची प्लॅस्टिकची फिल्म काढा. काढलीच असेल असं वाटत असलं, तरी उघडून बघा.

तुकड्या-तुकड्यांत खरेदी

जानेवारीत कॅबिनेट, मार्चमध्ये प्रोसेसर, जूनमध्ये बोर्ड. पैसे जसे हातात येतील तसं घेत गेलं की काटकसर केल्यासारखं वाटतं, पण बोर्ड मुळातच बिघडलेला असेल तर ते सहा महिन्यांनी कळतं. तोवर दुकानातून बदलून मिळायची मुदत गेलेली असते आणि वॉरंटीही कपाटात पडून सरते. पैसे पूर्ण जमवा, मग एका आठवड्यात सगळं घ्या आणि त्याच आठवड्यात चालवून बघा.

मी यादी पूर्ण मॉडेल नंबरासकट लिहून दोन-तीन दुकानांकडून भाव मागवतो. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नने ग्रँट रोड गाठायचं, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात फिरायचं, यात अख्खा दिवस जातो, तो जाऊ द्यावा. 'बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील' असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि डब्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. ग्राफिक्स कार्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, ती या कागदावर उभी असते.

सेकंड हँड कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, पण विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच मशीनवर, वीस मिनिटं जड गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्टेशनच्या पुलाखाली पिशवीतून कार्ड काढून दाखवणारा कितीही घाईत असला, तरी घेऊ नका.