पडद्यावरचे पतंग लोकांना कसे दाखवावेत

लोकांना किड्यांची गोडी लावायची असेल तर आधी प्रोजेक्टर घरी ठेवा. कीटकांवरची व्याख्यानं मी भरपूर ऐकली आहेत आणि दुर्दैवाने दिलीही आहेत. व्याख्यान संपलं की टाळ्या पडतात, दोन-चार जण फोटो काढून घेतात आणि बाहेर पडताना पायरीवरचा भुंगेरा कुणाच्या तरी चपलेखाली चिरडतो. त्यापेक्षा अंधारात एक पांढरी चादर ताणा, तिच्यासमोर दिवा लावा आणि लोकांना तिथे बोलवा. जगात फुलपाखरांच्या जाती १८,००० च्या आसपास आहेत, पतंगांच्या १,५०,००० च्या आसपास. तरी सगळं कौतुक फुलपाखरांचं, कारण ती दिवसा फिरतात.

निमंत्रणात मात्र ‘रात्रीचे पतंग, म्हणजे मॉथ’ असं स्पष्ट लिहा. एकदा एक मुलगा दोऱ्याचं रीळ घेऊन आला होता.

१. रात्र

अमावास्येच्या आगेमागे, उबदार, दमट, ढगाळ आणि वारा पडलेली. पाऊस नुकताच उघडला असेल तर सोन्याहून पिवळं. गार वारा सुटला असेल तर कार्यक्रम सरळ पुढे ढकला. रिकामी चादर बघून गेलेला माणूस पुन्हा येत नाही. निमित्त हवं असेल तर २०१२ पासून जुलैच्या उत्तरार्धात जगभर ‘नॅशनल मॉथ वीक’ होतो, त्यात नाव नोंदवा.

२. चादर आणि दिवा

साधी सुती पांढरी चादर दोरीवर ताणून बांधा आणि खालचा हातभर भाग जमिनीवर पसरू द्या, कारण भुंगेरे धडकतात आणि खालीच पडून राहतात. दिवा १६० वॅटचा मर्क्युरी किंवा अतिनील एलईडी. तो मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर टांगा आणि त्याच्याकडे टक लावून बघू नका, असं सगळ्यांना सांगा. ‘जितका प्रखर दिवा तितके जास्त किडे’ हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याने लोकांना सोबत घेऊन पडद्यासमोर कधी उभं राहून बघितलं नसावं. डोळे दिपले की समोरचा पतंग दिसेनासा होतो. जवळ रस्त्यावरचा दिवा असेल तर जागाच बदला.

३. सुरक्षितता

उन्हाळी फिके कपडे, पूर्ण बाह्या, बंद बूट. पण खरी काळजी घ्यायची ती एका बारक्या भुंगेऱ्याची. पेडेरस त्याचं नाव. नारिंगी आणि काळे पट्टे, मुंगीसारखी चण, तांदळाच्या दाण्याहून जरासा लांब. तो चावत नाही की डंख मारत नाही, पण अंगावर चिरडला गेला तर त्याच्या अंगातल्या रसाने दुसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी होते. मानेवर काही वळवळलं की चापट मारायची आपली सवय इथे महागात पडते. फुंकर मारायची किंवा कागदाने अलगद बाजूला करायचं, हे सुरुवातीलाच सगळ्यांकडून एकदा करून घ्या, नुसतं सांगू नका. गांधीलमाश्या आल्या तर सगळ्यांनी दोन पावलं मागे. झालं.

४. लोक आल्यावर

इथे मी अनेक संध्याकाळी वाया घालवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीला मी पडद्याशेजारी काठी घेऊन उभा राहायचो. एका किड्यावर काठीचं टोक न्यायचं, नाव सांगायचं, एखादी गंमत सांगायची, की पुढचा किडा. लोक मान डोलवायचे आणि मला वाटायचं की छान चाललंय. अशाच एका संध्याकाळी मी ऐटीत म्हणालो, “कीटक म्हणजे सहा पाय.” सात-आठ वर्षांचा एक मुलगा पडद्याला जवळजवळ नाक लावून उभा होता. तो म्हणाला, “काका, याला पाचच आहेत.” मी न बघताच म्हणालो, “नीट मोज, सहाच असतात,” आणि पुढे सरकलो. त्याने बोट न लावता पुन्हा एकदा मोजले, माझ्याकडे बघितलं आणि मागे जाऊन आईशेजारी बसला. परत काही उठला नाही.

आवरताना मी त्या कोपऱ्यात टॉर्च मारला. क्रेन फ्लाय होती. डासाच्या थोरल्या भावंडासारखी दिसणारी, लांबलचक पायांची माशी. पाय पाच. या माश्यांचे पाय सहज तुटतात. कोळ्याने किंवा पक्ष्याने पाय धरला तर पाय तिथेच सोडून त्या जीव वाचवतात. म्हणजे त्या संध्याकाळची सगळ्यात भारी गोष्ट त्या पोराने शोधली होती आणि मी ती झटकून टाकली होती. काठी मी तेव्हाच मोडली असं म्हणायला आवडलं असतं, पण आणखी दोन-तीन कार्यक्रम माझ्या हातात काठी होतीच. खोड लवकर जात नाही.

आता मी पहिली दहा मिनिटं काहीच शिकवत नाही. एका पडद्याला पंधरापेक्षा जास्त माणसं घेत नाही. जास्त आली तर दोन पडदे लावतो. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या करतो आणि सांगतो: एकच किडा निवडा, तीन मिनिटं त्याच्याकडेच बघा आणि मग जोडीदाराला असं काहीतरी सांगा जे त्याला दिसलं नाही. तीन मिनिटं म्हणजे किती लांब असतात ते तेव्हा कळतं. पहिल्या मिनिटाला हसणं-खिदळणं, दुसऱ्याला चुळबुळ आणि तिसऱ्याला कुणीतरी हळूच म्हणतं, “अरे, याच्या मिशा पिसासारख्या आहेत.” तो नर. मादीचा गंध दुरून टिपायला त्याला ते पिसारे लागतात. पण हे वाक्य तुम्ही बोलायचं ते बघणाऱ्याला पिसं दिसल्यावर, आधी नाही. आधी बोललात तर तो तुमचं ऐकेल, पतंगाकडे बघणार नाही.

तीन प्रश्न हमखास येतात.

“चावतो का?” यावर “नाही हो, काही करत नाही” असं सरसकट उत्तर देऊ नका. पडद्यावर डंख मारणारेही असतात आणि एकदा तुमचा शब्द खोटा पडला की पुढचं सगळं मुसळ केरात. ज्या किड्याबद्दल विचारलंय त्याच्याबद्दलच सांगा. बहुतेक पतंगांना चावायला जबडाच नसतो, असते ती फक्त गुंडाळून ठेवलेली सोंड. ॲटलाससारख्या मोठ्या पतंगांची तर सोंडही निकामी असते. सुरवंट असताना जे खाल्लं त्या शिदोरीवर पंख फुटल्यानंतरचे थोडके दिवस काढायचे. इतकं ऐकल्यावर चावण्याबद्दल विचारणारा माणूस हमखास पुढे झुकतो.

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो, पण तोंडावर दाखवायचं नाही. पूर्वी मी यादी म्हणायचो: परागीभवन, पक्ष्यांचं खाद्य, रेशीम. एकदा एका मुलीने यादी संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि एका बारक्या तपकिरी पतंगाकडे बोट दाखवून विचारलं, “आणि याचा?” मी म्हणालो, “याचा मला माहीत नाही.” ती म्हणाली, “मग याला मारलं तर चालेल?” तिचा हिशेब बरोबर होता. तो मीच तिला शिकवला होता. आता मी उलट विचारतो, “उपयोग कुणाला?” आणि वर बघायला सांगतो. दिवा लावून अर्धा तास झाला असेल तर उजेडाच्या कडेने एखादं वटवाघूळ घिरट्या घालत असतंच.

वटवाघूळ दिसलं की खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढा. पडद्यापासून हातभर अंतरावर तो एकदाच, झटक्यात खुळखुळवा. काही पतंग टपकन खाली पडतील, काही वेडेवाकडे उडतील, बाकीचे ढिम्म. वटवाघळाची हाक आपल्या कानांच्या पलीकडची असते. आपल्याला २०,००० हर्ट्‌झच्या वरचं ऐकूच येत नाही. किल्ल्यांच्या खुळखुळाटात तो वरचा आवाजही असतो आणि ज्या पतंगांना कान आहेत ते मृत्यू आला असं समजून पळतात. जे ढिम्म राहिले त्यातले काही बहिरे. ॲटलासच्या कुळाला कान नसतातच. मुलं पुन्हा-पुन्हा करायला सांगतील. करू नका. दर वेळी त्या बिचाऱ्या पतंगांच्या जिवाचं पाणी होतं, शिवाय दोन-तीनदा ऐकल्यावर तेही दाद देईनासे होतात.

तिसरा प्रश्न, “नाव काय?” नाव शेवटी. नाव मिळालं की माणसाला वाटतं काम झालं आणि तो पुढे जातो. आधी त्यालाच नाव ठेवायला सांगा. एका आजींनी एका राखाडी पतंगाला ‘जळकी पोळी’ म्हटलं होतं. खरं नाव मी त्यांना सांगितलं, ते आम्ही दोघंही विसरलो, जळकी पोळी अजून लक्षात आहे. फोन काढायचाच असेल तर बघून झाल्यावर. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला की ओळख पटवायला मदत मिळते आणि नोंदही राहते. आणि तुम्हाला नाव येत नसेल तर “येत नाही” म्हणा, पुस्तकात सगळ्यांसमोर शोधा, सापडलं नाही तर नाही.

एक ताकीद. कुणाच्या हातावर किडा ठेवू नका, त्याने मागितल्याशिवाय. ‘भीती घालवायची असेल तर हातात द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. मी एकदा गेंड्या भुंगा एका मुलीच्या मनगटावर ठेवला. त्याच्या पायांचे आकडे तिच्या बाहीत अडकले, ती किंचाळली, हात झटकला, भुंगा दगडावर आपटला. तिची भीती वाढली आणि भुंगा गेला तो गेलाच. घाबरणाऱ्याला लांब उभं राहू द्या. लाल कागद लावलेला टॉर्च त्याच्या हाती द्या. बऱ्याच कीटकांना लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे ते बुजत नाहीत. टॉर्च ज्याच्या हातात तो आपोआप जवळ येतो.

हॉक मॉथ आला तर बाकी सगळं सोडून लोकांना त्याच्याभोवती उभं करा आणि त्याच्या निघण्याची वाट बघा. आधी तो अगदी निपचित असतो, जेट विमानासारखे पंख मागे दुमडून. मग अचानक थरथरायला लागतो. पंख इतके बारीक हलतात की कडा पुसट होतात. कुणीतरी म्हणतंच, “घाबरलाय बिचारा.” घाबरलेला नसतो. उडण्याचे स्नायू तापवत असतो. छातीचं तापमान तीस अंशांच्या वर गेल्याशिवाय त्या जड अंगाला उचलता येत नाही. एकदा मुलीला सोडायला आलेले एक गृहस्थ, तोवर गाडीला टेकून फोनवर होते, ते हे बघायला आले. दोनेक मिनिटं थरथर चालली. तो उडाला तेव्हा त्यांनी फोन कानापासून काढला आणि पलीकडच्याला म्हणाले, “नंतर करतो.”

“किडे दिव्याकडे का येतात?” हेही कुणीतरी विचारेल. ‘त्यांना तो चंद्र वाटतो’ हे जुनं उत्तर आता देऊ नका. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञानपत्रिकेत वेगवान कॅमेऱ्यांनी केलेला अभ्यास आला. त्यानुसार उडता किडा पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण निसर्गात रात्रीसुद्धा उजेड वरूनच येतो. जवळ दिवा लागला की तो पाठ दिव्याकडे वळवतो आणि तिथेच फिरत राहतो. दिव्याच्या वर गेला तर उलटा होऊन कोसळतो. हे ऐकवून लोकांना पाच मिनिटं फक्त दिव्याच्या वरच्या बाजूला बघायला लावा. कोलांटी खाणारा एखादा दिसतोच.

५. आवरणं

म्हणजेच आपला दिवा हा सापळा आहे, ते खुशीने आलेले नाहीत. त्यामुळे दोन-अडीच तासांत दिवा बंद. रात्रभर चालू ठेवलात तर पहाटे पक्षी येऊन पडदा साफ करतात. चादर झटकू नका. दिवा बंद करून दहा मिनिटं थांबा, बरेच जण आपण होऊन जातात, उरलेल्यांना कागदावर घेऊन झुडपांत सोडा. जमिनीवर पाय टाकण्याआधी टॉर्च मारा. घडी घालण्याआधी चादर उलटी करून बघा, मागच्या बाजूला कुणीतरी हमखास राहिलेलं असतं.